४५ किलोची उलांडी : ट्रायमरानच्या कार्बन फ्लोटच्या नोंदी

४ जानेवारी

जुने फ्लोट काढले आणि काट्यावर ठेवले. डावा ७१ किलो, उजवा ७२. प्लायवूडवर काचेचं कापड चढवलेले हे फ्लोट आम्ही अकरा हंगाम वापरले. इतकी वर्षं आम्ही त्यांना साठ किलोचे समजत होतो, कारण आराखड्यावर तसं लिहिलेलं होतं. या वेळी पहिल्या दिवसापासून नियम ठरवला : जे काही फ्लोटला चिकटेल ते आधी काट्यावर जाईल. कापड, फोम, रेझिन, गोंद, पुट्टी, रंग, बोल्ट, सगळं. वहीत डावीकडे अंदाज, उजवीकडे प्रत्यक्ष वजन. नव्या फ्लोटचं लक्ष्य प्रत्येकी ४५ किलो.

उलांडीची, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला तरंगता ओंडका बांधलेली, होडी पाहिलेल्या माणसाला ट्रायमरान वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मधे मुख्य हल, म्हणजे नौकेचं धड, दोन्ही बाजूंना आडव्या बीमच्या टोकाला एकेक फ्लोट. वारा भरला की वाऱ्याखालचा फ्लोट दाबला जातो, मधला हल पाण्यातून सुटायला लागतो, आणि सगळी नौका काही काळ त्या एका फ्लोटवर उभी असते. म्हणून फ्लोट हलकाही हवा आणि सगळी नौका पेलणाराही हवा. पुढचे सहा महिने या दोन मागण्यांत तोल सांभाळण्याचे आहेत.

९ जानेवारी

आकार पक्का केला. लांबी ८.२ मीटर, सर्वांत जास्त रुंदी ५६ सेंटिमीटर, खोली ७२. दोन्ही टोकांचा निमुळतेपणा धरून आकारमान सुमारे १.९२ घनमीटर. खाऱ्या पाण्याची घनता १,०२५ धरली तर पूर्ण बुडालेला फ्लोट १,९६५ किलो उचलेल. माणसं आणि शिडांसह आमची नौका ११५० किलो. म्हणजे एकटा फ्लोट नौकेच्या वजनाच्या १७१ टक्के भार पेलतो. जुन्याचा आकडा १२० च्या आसपास होता, आणि मागून येणाऱ्या लाटेवर त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात घुसायची तेव्हा पोटात गोळा यायचा. वाढवलेलं आकारमान मुद्दाम पुढच्या तिसऱ्या भागात जास्त ठेवलं आहे.

वजन कमी करण्याचा फायदा नेमका कुठे, हे आज कागदावर मांडून पाहिलं. फ्लोटचा मध्य नौकेच्या मध्यरेषेपासून ३.१ मीटरवर आहे. तिथे २६ किलो वाचले, तर डोलण्याच्या जडत्वात २६ गुणिले ३.१ चा वर्ग, म्हणजे २५० किलो-चौरस मीटर कमी झाले. दोन्ही बाजू मिळून ५००. तेच ५२ किलो मधल्या हलमधून काढले असते तर डोलण्यावर जवळजवळ काहीच परिणाम झाला नसता.

पण दुसरी बाजूही लिहून ठेवतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. ट्रायमरान उलटू न देणारा जोर म्हणजे एकूण वजन गुणिले मध्यरेषेपासून फ्लोटपर्यंतचं अंतर. वजन ५२ किलोने उतरलं की हा जोरही सुमारे १६० किलो-मीटरने उतरतो, म्हणजे चार-साडेचार टक्के. शीड तेवढं आधी कमी करावं लागेल. हा सौदा मला मान्य आहे, कारण हलकी नौका झुळकीला लगेच उत्तर देते, आणि आमच्या शर्यती बहुतेक वेळा हलक्या-मध्यम वाऱ्यातच ठरतात.

१७ जानेवारी

नमुने तयार झाले. तीस बाय तीस सेंटिमीटरचे तीन तुकडे, तिन्हींचं कापड तेच, फोम तोच. मधे १० मिलिमीटर पीव्हीसी फोम, घनता ८० किलो प्रति घनमीटर. बाहेर चौरस मीटरला ३०० ग्रॅमचं, ±४५ अंशांत तिरक्या धाग्यांचं कार्बन, आत २०० ग्रॅमचं. पहिला ब्रशने आणि रोलरने हाताने, दुसरा हातानेच पण वर व्हॅक्यूम बॅग (आतली हवा ओढून थर आवळणारी प्लॅस्टिकची पिशवी), तिसरा कोरडं कापड अंथरून रेझिन आत ओढून घेऊन, म्हणजे इन्फ्युजन.

वजनं : २३४ ग्रॅम, १९२ ग्रॅम, १८९ ग्रॅम.

पहिल्या आणि तिसऱ्यात ४५ ग्रॅमचा फरक. चौरस मीटरला अर्धा किलो. फ्लोटचं क्षेत्रफळ साडेतेरा चौरस मीटर आहे, तेव्हा एका फ्लोटमागे पावणेसात किलो. हे पावणेसात किलो निव्वळ जादा रेझिन. ते ना ताण घेतं ना दाब, नुसतं धाग्यांच्या मधे बसून राहतं. कार्बन घेतलं म्हणजे नौका हलकी झाली असं समजणाऱ्यांना मी हे तिन्ही तुकडे हातात देणार आहे. कार्बन तिन्हींत सारखंच आहे.

दुसऱ्यात आणि तिसऱ्यात वजनाचा फरक जवळजवळ नाही. तरी इन्फ्युजनच निवडलं. हाताने ओलं करताना रेझिन घट्ट व्हायच्या आत सव्वाआठ मीटर कापड सरळ बसवावं लागतं आणि घाईत धागे वाकडे होतात. इन्फ्युजनमध्ये कापड कोरडं असताना दोन दिवस लावले तरी चालतं. शिवाय हात स्वच्छ राहतात. आमचं रेझिन म्हणजे इपॉक्सी. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा अंगात शिरली की जन्माची सोबत करते, ते जवळच्या माणसांत पाहिलं आहे.

२५ जानेवारी

एक किलोचा लोखंडी गोळा एक मीटरवरून नमुन्यावर सोडला. पातळ कार्बन त्या जागी तडकलं आणि खाली फोममध्ये वाटीसारखा खड्डा पडला. वाकवून पाहताना हाच नमुना आमच्या गरजेच्या कितीतरी वर टिकला होता. मधे फोम आणि दोन्ही बाजूंना कार्बनची कातडी अशा सँडविचचा ताठपणा दोन कातड्यांमधल्या अंतराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे पातळ कातडीलाही वाकण्याची ताकद सहज मिळते. आघाताचं तसं नाही. तरंगतं लाकूड हा गोळा टाकणारच.

निर्णय : नाळेपासून दीड मीटरपर्यंत तळाला कार्बनच्या खाली १७० ग्रॅमचं केवलार (चिवट कृत्रिम धाग्यांचं कापड), आणि त्या भागात पीव्हीसीऐवजी सॅन फोम. सॅन जास्त चिवट असतो, लाटेचे थपडे खाऊन फुटण्याऐवजी दबतो. केवलार वरच्या थरात ठेवायचं नाही, ते पॉलिश पेपरला दाद देत नाही, धागे पिंजून वर येतात. भार वाढला ४०० ग्रॅमने, आणि तो वहीत लिहिताना जराही वाईट वाटलं नाही. पहिल्या ६० सेंटिमीटरच्या मागे एक बंद आडभिंत, म्हणजे नाळ फुटली तरी पाणी तिथेच थांबेल.

१४ फेब्रुवारी

साचा उभा राहिला. दर ४० सेंटिमीटरला एमडीएफची अर्धी चौकट, एकूण २१, त्यांत लांबीने २० मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या. डाव्या अंगाचा एक, उजव्या अंगाचा एक. प्रत्येक साच्यातून दोन अर्धी कवचं निघतील, दोन फ्लोटना पुरतील. लेझरची रेघ मारून सगळ्या चौकटी एका ओळीत आणल्या. तेरावी चौकट दोन मिलिमीटर आत होती. तेवढ्यासाठी अख्खा दिवस गेला, पण ते दोन मिलिमीटर नंतर पुट्टीने भरायचे झाले असते तर भार कायमचा अंगावर राहिला असता.

२३ फेब्रुवारी

फोमच्या पट्ट्या हीटगनने गरम करून साच्यात बसवल्या. फोम मऊ पडला की हाताखाली कातड्यासारखा वळतो, थंड झाला की तो आकार धरून बसतो. मागच्या बाजूने, पट्ट्यांतून स्क्रू. सांधे इपॉक्सी आणि मायक्रोबलूनने, म्हणजे पोकळ कणांच्या हलक्या भुकटीने, भरले. फोमला चिरा पाडलेला माल मिळतो, वळायला सोपा, पण प्रत्येक चीर रेझिन पिते. आम्ही सपाट फोम घेतला.

२ मार्च

आजची नोंद लांब होणार.

पहिल्या कवचाच्या आतली कातडी. कापड, पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), रेझिन पसरवणारी जाळी, मधोमध लांबीने रेझिनची नळी, दोन्ही कडांना व्हॅक्यूमची. बॅगला घड्या देऊन सीलंट टेपने चिकटवली, पंप लावला. बॅग आवळत गेली, सुरकुत्या कोपऱ्यांत बसल्या, दिसायला सगळं सुरेख. पंप बंद करून मोजमाप पाहिलं : मिनिटाला ८ मिलिबार पडत होते. आम्हाला दहा मिनिटांत ५ च्या आत हवं होतं.

गळतीवर रेझिन सोडायचं नाही, यावर वाद नाही. जिथून हवा शिरते तिथून रेझिनमधून बुडबुड्यांची माळ निघते आणि तो पट्टा कायमचा कच्चा राहतो.

सकाळी अकरापासून शोध. सगळ्या कडा अंगठ्याने दाबत दोन फेऱ्या. नळ्यांचे जोड उघडून पुन्हा बसवले. घड्यांच्या टोकांना टेपचे जादा तुकडे. ८ वरून ६ वर आलं आणि तिथेच अडलं. संध्याकाळी काका आले. चाळीस वर्षं लाकडी नौका बांधलेला माणूस, बॅग आणि पंप हा प्रकार त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “पंखे बंद कर, दिवे बंद कर, पंप बंद कर. आणि कान लाव.”

“काका, बॅगला कान लावून झाले.”

“बॅगेला नको रे. खालून लाव.”

पातळ प्लॅस्टिकची नळी एका टोकाने कानात धरली आणि साच्याच्या मागच्या बाजूने, पट्ट्यांमधल्या फटींतून दुसरं टोक फिरवत गेलो. अंधारात. नवव्या आणि दहाव्या चौकटीच्या मधे ती सापडली. शिट्टीसुद्धा म्हणता येणार नाही, दात मिटून श्वास आत घेतल्यासारखा आवाज. नळी दोन सेंटिमीटर सरकवली की नाहीसा, परत आणली की हजर. टॉर्च लावली तर स्क्रू. बाकी सगळ्यांपेक्षा दोन मिलिमीटर लांब, फोमच्या आरपार गेलेला, टोक आतल्या कापडाला टेकलेलं. फोम स्वतः हवाबंद असतो, पण आपणच त्याला भोक पाडल्यावर तो काय करणार?

स्क्रू काढला, भोकात टेपची गोळी दाबली. मग एकेक करून सगळे स्क्रू तपासले. असे आणखी चार निघाले. रात्री साडेदहाला दहा मिनिटांत ३ मिलिबार. काका तोवर थांबले होते.

३ मार्च

रेझिन २७ अंशांवर, शेडही तेवढीच. एका कवचासाठी सहा किलो मिश्रण. यातलं कापडात राहणार एक किलोच्या आतबाहेर, फोमची पृष्ठभागावरची छिद्रं दीड-पावणेदोन किलो पिणार, उरलेलं जाळी, पील प्लाय आणि नळ्यांबरोबर कचऱ्यात. इतकं फेकावं लागतं याची हळहळ वाटते, पण नौकेवर चढण्यापेक्षा ते कचऱ्यात गेलेलं बरं.

नळी उघडली. काळ्या कापडावर ओलाव्याची कड दोन्ही बाजूंना एकसारखी सरकू लागली, जमिनीवर सांडलेलं तेल पसरावं तशी. पुढचं कोरडं कापड राखट आणि मागचं एकदम काळंभोर. पहिले २० सेंटिमीटर चार मिनिटांत. रेझिनचा वेग पुढे मंदावत जातो, अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो. म्हणून तर नळी मधोमध टाकून दोन्हीकडचं अंतर ४५ सेंटिमीटरवर आणलं होतं. हिशेबाने २० मिनिटं, लागली २३. कडेला पोचल्यावर नळी चिमटली आणि पंप रात्रभर चालू ठेवला.

११ मार्च

दुसरं कवच. गळती नाही, तापमान बरोबर, तरी वरच्या कडेजवळ हाताच्या पंजाएवढा पट्टा कोरडा राहिला. फोमचा एक सांधा नीट भरलेला नव्हता. रेझिनला त्या खाचेतून आडवाट सापडली, ते धावत कडेपर्यंत गेलं, मागे वळून व्हॅक्यूमच्या नळीत शिरलं, आणि मधला भाग कोरडा तो कोरडाच.

दुरुस्ती : पट्टा खरवडला, भोवती ४० मिलिमीटर घासलं, एक नवा थर, वर छोटी बॅग. ९० ग्रॅम वाढले. पुढच्या दोन्ही कवचांच्या सांध्यांवरून बोट नव्हे, नख फिरवायचं. बोटाला खाच कळत नाही.

१९ मार्च

तिसरं आणि चौथं कवच, दोन्ही निर्वेध.

३० मार्च

आडभिंती आणि बीमची खोबण. सगळ्या कामातली ही जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

वाऱ्याखालच्या फ्लोटला पाणी वर ढकलतं, तो सगळा जोर दोन बीमच्या खोबणींतून नौकेत जातो. नाळ घुसली की बहुतेक भार पुढच्या बीमवर येतो, आणि लाट तिरकी आली की फ्लोट पिळला जातो. महासागरी शर्यतींत फ्लोट निखळणं हे नवल नाही. २०१८ च्या रूट दु ऱ्हम या एकट्याने अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत अवाढव्य ट्रायमरानांपैकी एकीचा डावा फ्लोट तुटला आणि ती उलटली. त्याच वादळी टप्प्यात दुसरीच्या उजव्या फ्लोटची नाळच गेली. २००२ च्या त्याच शर्यतीत ६० फुटी मल्टिहल (एकाहून जास्त हलच्या नौका) १८ निघाल्या आणि पोचल्या तीन. त्या नौका बांधणारे आमच्यापेक्षा शंभर पटींनी जाणकार होते.

म्हणून प्रत्येक बीमखाली दोन आडभिंती. १५ मिलिमीटर फोम, दोन्ही बाजूंना ३०० ग्रॅमचे दोन-दोन थर, सगळे ±४५, कारण इथला ताण कातरण्याचा असतो आणि तो तिरक्या धाग्यांनीच झेलायचा. कडेने एकदिशा कार्बनचं कडं. खोबणीभोवती फोम अजिबात नाही, तिथे भरीव कार्बन. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून घट्ट इपॉक्सीने भरली आणि मग मापाची पाडली, म्हणजे बोल्ट थेट धाग्यांवर घासणार नाही आणि पाणी फोमपर्यंत जाणार नाही. आमचे बीम अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून खोबणीच्या आतून काचेच्या कापडाचे दोन थर.

एका फ्लोटमागे या सगळ्याचे ६.१ किलो झाले. अंदाज ५ चा होता. माझा जोडीदार म्हणाला, एकेक थर कमी करू, आकडेमोडीत बसतंय. बसतंय खरं. पण ती आकडेमोड शांत पाण्यातल्या भाराला अडीचने गुणून केलेली आहे, आणि तो अडीच कुठून आला हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. थर तसेच ठेवले. रेझिनमधून वाचवलेले पावणेसात किलो खर्च करायची हीच जागा.

८ एप्रिल

ताणदोराचा डोळा. आमचे श्राउड, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणारे ताणदोर, फ्लोटवर बांधले जातात. मधला हल सुटायच्या क्षणी शिडाचा सगळा पलटी जोर एका श्राउडवर असतो, आणि त्याचा उभा ताण नौकेच्या वजनाइतकाच, म्हणजे ११५० किलो भरतो. दोर तिरका असल्याने १,२०० च्या आसपास. लाटेचे धक्के धरून आम्ही तिप्पट पकडलं. एकदिशा कार्बनच्या २५ मिलिमीटर रुंद पट्टीचे १२ थर टायटॅनियमच्या बुशभोवती गुंडाळले आणि दोन्ही पाय आतून आडभिंतीवर पंख्यासारखे पसरवले.

१० एप्रिल

डोळ्याची परीक्षा. चेन ब्लॉक, मधे भारमापक, सगळे दूर उभे. २,००० किलोपर्यंत न्यायचं होतं. १,४०० वर ‘टिक’ असा आवाज आला. सगळे थबकले. भार उतरवला, भिंग घेऊन पाहिलं. पट्टीच्या कडेने बाहेर आलेला गोंदाचा सुकलेला ओघळ तडकला होता, धाग्यांना काही नव्हतं. ओघळ घासून काढला, पुन्हा ताणलं. २,००० वर दहा मिनिटं. गप्प. दुसऱ्या फ्लोटचा डोळा पहिल्याच फेरीत गप्प राहिला.

१६ एप्रिल

पहिला फ्लोट बंद केला. एका कवचाच्या कडेला आधीच ६० मिलिमीटरची जोडपट्टी अर्धी बाहेर ठेवून चिकटवलेली होती, दुसरं कवच तिच्यावर बसलं. त्याआधी पाण्याने आणि घासणीने सगळ्या कडा धुतल्या. इपॉक्सी सुकताना पृष्ठभागावर मेणचट थर धरते, तो न धुता घासला तर पेपर तोच थर आत रगडतो आणि जोड सुटतो. गोंद १,४०० ग्रॅम लावला, बाहेर आलेला जिथे हात पोचला तिथून पुसला, पुसलेला पुन्हा तोलला : ५१० ग्रॅम.

२७ एप्रिल

बाहेरची कातडी, एका वेळी एक अंग. या टप्प्यात एक धोका आहे आणि तो कोणालाही सहज सुचणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. फ्लोट आता बंद डबा आहे. बॅगेने बाहेरून दाबलं तरी आतली हवा तेवढ्याच जोराने उलट दाबते, म्हणून आकार बिघडत नाही. पण आतल्या कातडीला कुठे टाचणीएवढं भोक राहिलं असेल तर पंप आतली हवाही हळूहळू ओढून घेतो. मग चौरस मीटरला दहा टनांचा दाब एका बाजूने, पलीकडून आधार नाही. दहा मिलिमीटरचं कवच अंड्यासारखं चिरडेल. म्हणून तपासणीच्या झाकणातून एक जाड नळी बॅगच्या बाहेर मोकळ्या हवेत काढली, आणि इन्फ्युजन चालू असताना एक माणूस फक्त त्या नळीवर हात ठेवून बसवला. हवा आत ओढली गेली तर तळहाताला कळतं. कळलं नाही.

५ मे

उष्णता देणं. इन्सुलेशनच्या तक्त्यांचा तंबू, दोन हीटर, हवा फिरवायला पंखे, फ्लोटवर आठ ठिकाणी तापमापक. तासाला १० अंशांनी चढवत ६० वर नेलं, तिथे आठ तास, तसंच हळू उतरवलं. खोलीच्या तापमानाला सुकलेली इपॉक्सी उन्हात मऊ पडू शकते, आणि त्या अवस्थेत बीम आवळले तर फ्लोट वाकडा तो वाकडाच. फ्लोट साच्यातच ठेवून तापवला, नाहीतर स्वतःच्या भाराने झोळ पडतो.

११ मे

नाण्याने ठोकून दोन्ही फ्लोट बोटाबोटाने ऐकले. चांगली जागा खणखणीत ‘टक’ म्हणते, कातडी फोमपासून सुटली असेल तिथे ‘धप’. एका फ्लोटवर मागच्या टोकाकडे रुपयाएवढी एक धप. दोन भोकं, एकातून इपॉक्सी, दुसऱ्यातून बाहेर येईपर्यंत.

२२ मे

पुट्टी आणि लांब फळीवर पेपर. लावली १,९०० ग्रॅम, घासून काढली १,३००. चौकटी सरळ लावायला घालवलेला तो दिवस आज फळला. कार्बनची धूळ वीज वाहते, यंत्रांच्या स्विचमध्ये गेली तर शॉर्ट होतो. एक ग्राइंडर असाच गेला. आता घासताना शोषक यंत्र कायम जोडलेलं, आणि मुखवटा काढायचा तो शेडच्या बाहेर.

३ जून

रंग पांढरा. काळं कार्बन फार देखणं दिसतं, आणि बघायला येणारा प्रत्येकजण ते झाकू नका म्हणतो. पण काळा फ्लोट उन्हात इतका तापतो की ६० अंशांवर पकवलेल्या इपॉक्सीची कसोटी लागते आणि फोममधून वायू सुटून कातडीला फोड येऊ शकतात. रंगाचंही वजन मोजलं : १०० मायक्रॉनचा सुका थर चौरस मीटरला साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे एका फ्लोटला दोन किलो. तिसरा हात मारायचा नाही असं ठरवलं आणि नाही मारला.

९ जून

काटा. पहिला फ्लोट झाकणं आणि बोल्टसह ४७.६ किलो. दुसरा ४४.९.

सारखाच आराखडा, सारखंच कापड, मधे २.७ किलो. वही उघडून शोधलं. कोरड्या पट्ट्याची दुरुस्ती, पहिल्या फ्लोटचा आतला गोंद जिथे हात पोचला नाही तिथे राहिलेला, आणि सगळ्यांत मोठा वाटा फोमच्या सांध्यांचा. पहिल्या वेळी फटी दोन-तीन मिलिमीटरच्या होत्या, दुसऱ्या वेळी पट्ट्या कापणारा हात बसला होता. जड फ्लोट कुठल्या बाजूला लावायचा यावर चर्चा झाली. बॅटरी दुसऱ्या बाजूला सरकवून तोल जमतो, म्हणून जास्त ताणलं नाही.

१९७८ ची पहिली रूट दु ऱ्हम माइक बर्चने ‘ऑलिंपस फोटो’ या छोट्या ट्रायमरानवर जिंकली, कितीतरी लांब असलेल्या मोनोहलच्या, म्हणजे एकाच हलच्या नौकेच्या, ९८ सेकंद पुढे. अख्खा अटलांटिक ओलांडून ९८ सेकंद. २.७ किलोसाठी मी रात्री वही घेऊन का बसतो असं घरी विचारतात, तेव्हा मी ही गोष्ट सांगतो.

२१ जून

नौका पाण्यात. दहा-बारा नॉटचा वारा, छोटी लाट. पूर्वी झुळूक आली की नौका आधी कलायची, मग निघायची. आज कलणं आणि निघणं एकदमच झालं. चौदा नॉटच्या झुळकीत मधला हल सुटला, वाऱ्याखालची नाळ पाण्याबाहेर तीन बोटं दिसत राहिली. मी पुढच्या खोबणीवर हात ठेवून बसलो होतो. लाटेगणिक बारीक थरथर लागत होती, पण करकर नाही, बीम आणि फ्लोट यांच्यात हलणं नाही. शीड मात्र खरोखरच पूर्वीपेक्षा लवकर सोडावं लागलं, वहीत लिहिल्याप्रमाणे.

परत आल्यावर झाकणं उघडली. डावा फ्लोट आतून कोरडा ठणठणीत. उजव्यात, मागच्या आडभिंतीपाशी, अर्धी वाटी पाणी. स्पंजने टिपलं, आतून टॉर्च लावली, बाहेरून काकांनी पाण्याचा पाइप धरला. मागच्या झाकणाच्या कड्याखाली, तिसऱ्या स्क्रूपाशी, एक थेंब जमला, लोंबला आणि पडला. कडं उद्या सकाळी काढायचं, खालचा सीलंट खरवडून पुन्हा बसवायचं.